पिशवीचा कोपरा पिशवीलाच राहू द्या

ग्राहक बंधू-भगिनींनो,

"शेजारच्या वहिनींना पिशवीमागे रुपया मिळाला, मग मला पन्नास पैसेच का?" दुधाच्या रिकाम्या पिशव्या परत घेताना आमच्या सहकारी डेअरीच्या काउंटरवर सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. रतीब घालणाऱ्या मुलांनाही दारोदार याचंच उत्तर द्यावं लागतं, त्यात सकाळचा वेळ जातो आणि पुढच्या घरी दूध उशिरा पोचतं. म्हणून हे पत्रक.

उत्तर थोडक्यात असं. पिशवी कोपऱ्यासकट, धुऊन, वाळवून आली तर एक रुपया. कोपरा कापून टाकला असेल तर पन्नास पैसे. न धुतलेली पिशवी आम्ही घेत नाही, ती धुऊन दुसऱ्या दिवशी द्यावी.

यातले पहिले पन्नास पैसे तुमचेच आहेत. राज्य सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती अटी घालूनच: पिशवी ५० मायक्रॉनहून जाड हवी, परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली हवी आणि ती किमान ५० पैसे हवी. त्यामुळे दूध घेताना तुम्ही ती रक्कम भरलेली असते. पुष्कळ घरांत ती मागितलीच जात नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. वरचे पन्नास पैसे मात्र संस्था स्वतःच्या गाठीचे देते, आणि ते केवळ त्या कोपऱ्यासाठी देते.

एवढ्याशा कोपऱ्याला इतकं महत्त्व का, हे नीट सांगायला हवं.

रिकामी पिशवी डोळ्यांना दिसते. कचरा वेचणाऱ्या ताई ती उचलतात, तिला भंगारात भाव मिळतो, तिचे दाणे होऊन पुन्हा वस्तू बनते. नखाएवढा त्रिकोणी कोपरा कुणीच उचलत नाही. तो ओट्यावर पडतो, भाजीच्या देठांबरोबर आणि चहाच्या चोथ्याबरोबर ओल्या कचऱ्याच्या बादलीत जातो. पुढे त्याला दोन वाटा असतात. बरीच घरं शिळंपाकं आणि भाजीची सालं दारातल्या गाईला घालतात. गाय जिभेनं वेचून खात नाही, समोरचं सगळं ओढून घेते. प्लास्टिक तिच्या पहिल्या पोटात जाऊन बसतं. ते पचत नाही, पुढेही सरकत नाही, दोऱ्या आणि चिंध्यांबरोबर त्याचा गोळा होत जातो. गाईचं खाणं कमी होतं, दूध आटतं, पोट फुगतं. गोळा मोठा झाला की पोट उघडून काढण्याशिवाय डॉक्टरांपुढेही इलाज नसतो. दुसरी वाट खताची. शहरांच्या ओल्या कचऱ्याचं खत होतं आणि ते "हरित महासिटी कंपोस्ट" या नावानं शेतकऱ्यांना विकलं जातं. खत चाळलेलं असतं, तरी पातळ प्लास्टिक दुमडून चाळणीतून निसटतं. ते खत मक्याला किंवा हत्तीघासाला पडतं, आणि तो चारा जाणार कुठे, तर आमच्याच सभासदांच्या गोठ्यात.

आपल्या माणदेशात चाऱ्याची किंमत काय असते हे सांगायची गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं छावणीत बांधावी लागली होती. चारा कमी पडला की जनावर उकिरड्यावरही तोंड घालतं, आणि तिथेच हे कोपरे पडलेले असतात.

दुधाचा धंदा करणाऱ्या कुणालाही याची चाड असू शकते. आमच्याकडे फरक एवढाच, की ज्याची गाय आजारी पडते तोच डेअरीचा मालक असतो. दोन लिटर दूध घालणाऱ्या बाईला आणि चाळीस लिटर घालणाऱ्या बागाईतदाराला सर्वसाधारण सभेत एकेकच मत. जादा पन्नास पैशांचा ठराव त्या सभेनंच केला. सहकार कायद्यानं नफ्यातला किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा लागतो आणि भागावरचा लाभांश साधारणपणे १५ टक्क्यांच्या वर जात नाही. उरलेल्या पैशावर सभासदांचा डोळा असतोच, कारण दिवाळीचा दरफरक, म्हणजे घातलेल्या दुधाचे वरचे पैसे, त्यातून निघतो. त्या दरफरकातला वाटा त्यांनी पिशव्यांसाठी सोडला. सहकाराच्या सात तत्त्वांत शेवटचं तत्त्व भोवतालच्या समाजाची काळजी घेण्याचं आहे. ते इथे असं रोख पैशात उतरलं, याचा आम्हाला अभिमान आहे.

आता पिशवी कशी कापायची. कात्री कोपऱ्याच्या पार नेऊ नका. कडेपासून आत तिरकी चीर द्या आणि शेवटचं बोटभर अंतर सोडा. कोपरा झाकणासारखा लोंबत राहतो, दूध नेहमीसारखंच पडतं. दूध ओतून झालं की वरची पूर्ण कड तशीच, शेवटपर्यंत न नेता कापा म्हणजे आत हात जाईल. थोडं पाणी घालून हलवा. ते पाणी कणकेत घाला किंवा तुळशीला, वाया जाऊ देऊ नका. म्हशीच्या दुधाच्या पिशवीला साय चिकटते, तिला दोनदा पाणी लागतं. मग पिशवी नळावर किंवा भांड्यांच्या जाळीवर उलटी टाका. वाळल्यावर सपाट करून साठवा. गाठी मारू नका, पिशवीत पिशवी कोंबू नका. आमच्याकडच्या बायकांना गाठ सोडवायला पिशवी मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि गठ्ठ्यातली एक पिशवी ओली निघाली तर सगळा गठ्ठा आंबतो.

काही ग्राहक म्हणतात, डेअरी भंगार विकून कमावते. हिशोब सांगतो. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी अडीच-तीन ग्रॅमची असते. किलोभर व्हायला तीनशेहून अधिक पिशव्या लागतात, म्हणजे रुपयाच्या दरानं आम्ही तीनशेहून जास्त रुपये मोजतो. भंगारात किलोला मिळणारा भाव याच्या कितीतरी खाली असतो.

काचेच्या बाटल्या का आणत नाही, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण बाटली परत आली की ती गरम पाण्यानं आणि कॉस्टिक सोड्यानं धुवावी लागते, वर साध्या पाण्यानं खळबळावी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात इतकं पाणी बाटल्यांवर घालणं आम्हाला पटत नाही.

पिशवीच नको असेल तर त्याहून चांगली सोय आहे. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात काउंटरवर पाश्चराइज केलेलं सुट्टं दूध मिळतं. घरची किटली किंवा बरणी स्वच्छ धुऊन, कोरडी करून आणा. तेच दूध, तेच फॅट, आणि पिशवीचा खर्च नसल्यानं लिटरमागे दर कमी. फॅट तपासून हवं असेल तर तुमच्यासमोर मशीनवर लावून दाखवू. तूपही आता बरणी आणणाऱ्यांना सुट्टं देतो. दिवाळीसाठी हवं असेल तर नोंद आधी करावी, ऐन वेळी पुरत नाही.

पिशव्या रोज परत द्यायची गरज नाही. आठवड्याच्या साठवून रतिबाच्या मुलाकडे द्या, तो तुमच्यासमोर मोजून कार्डावर आकडा लिहील. रक्कम महिन्याच्या बिलातून वजा होते आणि वेगळ्या ओळीत दिसते. आकडा जुळत नसेल तर कार्ड घेऊन काउंटरवर या.