टिम बकली आणि जेफ बकली: बाप कोणता, लेक कोणता?

टिम बकली आणि जेफ बकली यांच्यात गोंधळ होणं साहजिक आहे. आडनाव एक, नातं बाप-लेकाचं, दोघेही अमेरिकी गायक-गीतकार, दोघांचे आवाज सहज तारसप्तकात चढणारे, आणि दोघेही ऐन उमेदीत गेले. पण त्यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की साम्य भराभर संपतं.

बाप टिम, जन्म १९४७ चा. पहिला अल्बम १९६६ मध्ये, वय १९. तिथून १९७४ पर्यंत नऊ अल्बम, आणि एका जागी थांबणं त्याला मान्यच नव्हतं. सुरुवात फोक-रॉकने, मग जॅझ. १९७० च्या 'स्टारसेलर' अल्बमच्या शीर्षकगीतात तर आवाजाचे थरावर थर चढवले. तो अल्बम विकला गेला नाही. नंतर तो फंक या ठेकाप्रधान संगीताकडे वळला, तेव्हा जुने चाहतेही दुरावले. 'साँग टू द सायरन' हे त्याचं आणि कवी लॅरी बेकेटचं गाणं. ते जेफचं नव्हे. २९ जून १९७५ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने तो गेला, वय २८.

जेफ जन्मला नोव्हेंबर १९६६ मध्ये, तोवर बाप घर सोडून गेला होता. सावत्र वडिलांच्या आडनावाने, स्कॉट मूरहेड म्हणून तो वाढला. आठ वर्षांचा असताना टिमचा काही दिवसांचा सहवास मिळाला, तेवढाच. बकली हे नाव त्याने बाप गेल्यावर लावलं. एप्रिल १९९१ मध्ये ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चमध्ये टिमच्या स्मरणार्थ मैफल झाली. बायको आणि तान्ह्या मुलाला सोडून जाण्यावर टिमने १९६७ मध्ये जे गाणं केलं होतं, तेच तिथे त्या मुलाने गायलं. न्यूयॉर्कच्या संगीतवर्तुळात त्याची ओळख झाली ती त्या रात्री.

बापाचे नऊ अल्बम, मुलाचा स्टुडिओत पूर्ण झालेला एकच: १९९४ चा 'ग्रेस'. त्यातलं सर्वात गाजलेलं 'हॅलेलुया' मूळ कॅनेडियन कवी-गायक लेनर्ड कोहेनचं, तेही वेल्श संगीतकार जॉन केलने केलेल्या मांडणीवरून घेतलेलं. दुसऱ्या अल्बमचं काम चालू असताना २९ मे १९९७ रोजी जेफ मेम्फिसला वुल्फ नदीत कपड्यांनिशी पोहायला उतरला आणि बुडाला. वय ३०. शवविच्छेदनात अमली पदार्थ आढळले नाहीत. बापासारखाच नशेत गेला, असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

मुलाने बापाचीच गायकी पुढे नेली, हेही मला पटत नाही. आवाजाची जात रक्तातून आली असेल, पण गायचं कसं हे तो नीना सिमोन, एदित पियाफ, लेड झेपेलिन यांच्याकडून शिकला, आणि नुसरत फतेह अली खान यांच्याकडून. नुसरत म्हणजे माझा एल्विस, असं तो म्हणायचा. मॅनहॅटनमधल्या 'शिनेय' या चिमुकल्या कॅफेत एकट्याने गिटार घेऊन गाताना त्याने 'ये जो हल्का हल्का सुरूर है' ही कव्वाली गायली, ती ध्वनिमुद्रित आहे. १९९६ मध्ये एका मासिकासाठी त्याने नुसरत यांची मुलाखतही घेतली. 'ग्रेस'च्या शीर्षकगीतात शेवटी शब्द सुटतात आणि नुसता आवाज वर चढत राहतो. ऐन रंगात आलेल्या कव्वालीतला आलाप ज्याने ऐकलाय, त्याला ती जागा ओळखीची वाटेल.