घरगुती हाय-फाय स्पीकर बांधणी (सांगली-मिरज)

घरगुती स्पीकर बांधणी म्हणजे दुकानातला तयार स्पीकर न घेता वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा) सुटे आणायचे, खोकं स्वतः किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून करून घ्यायचं, क्रॉसओव्हर (आवाज या दोघांत वाटणारं सर्किट) स्वतः सोल्डर करायचा आणि रेकॉर्डिंगमध्ये जे आहे तेच, त्यात भर न घालता, खोलीत ऐकू येईल असं बघायचं. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लागतात त्यांचा यात काही संबंध नाही, तिथं आवाज लांब आणि जोरात पोचवायचा असतो, इथं आठ फुटांवर बसलेल्या एका माणसाला गाणाऱ्याचा श्वास कळला पाहिजे एवढंच.

सांगली-मिरजेत या छंदाची एक वेगळीच अडचण आहे. मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे इकडच्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की लाकूड भारी तर आवाज भारी, आणि नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, सागवान घेऊ का शिसम? दोन्ही नको. तंबोऱ्याचा भोपळा थरथरलाच पाहिजे, तारेचा बारीक आवाज तोच मोठा करतो, पण स्पीकरचं खोकं जितकं मुकं तितकं चांगलं, कारण तंबोरा आधीच रेकॉर्ड झालाय, आता खोक्यानं त्यात आपला सूर मिसळायचं काही कारण नाही. म्हणून १८ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा चांगला प्लाय वापरतात आणि आत आडव्या पट्ट्या मारतात. बोटाच्या पेरानं बाजूवर ठोकून बघायचं, आवाज घुमला तर अजून एक पट्टी, मेल्यासारखा ठप्प आला तर झालं काम. एमडीएफ कापायला सोपा आणि सगळीकडे सारखा, पण पाण्याचा शत्रू, एकदा भिजला की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. २००५, २०१९, २०२१ चे कृष्णेचे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यानं सरळ पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्यावा.

आपण आज वापरतो ती कॉइल-मॅग्नेटची पद्धत राइस आणि केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९२५ मध्ये मांडली. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी हवाबंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून छोट्या डब्यातून खोल बास काढून दाखवला. पण घरी बांधणाऱ्यांचे खरे उपकारकर्ते ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील (१९६१) आणि त्यांच्यामागून सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल, कारण त्यांच्यामुळे खोक्याचं माप अंदाजपंचे न ठरवता गणितानं काढता यायला लागलं. वूफरच्या कागदावर एफएस (मोकळा वूफर ज्या हर्ट्झला आपोआप घुमतो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे), व्हीएएस (वूफरच्या स्प्रिंगइतकीच लवचीक हवा किती लिटर) असे आकडे असतात ते यांचेच. ज्या वूफरबरोबर हे आकडे मिळत नाहीत तो कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नये.

गणित बघा, अवघड नाही. समजा साडेसहा इंची वूफर आहे, एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस ३० लिटर, आणि बंद खोकं करायचंय ज्याचा एकूण क्यू (म्हणजे खोक्यात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७०७ यावा. ०.७०७ ला ०.४ नं भागायचं, वर्ग करायचा, एक वजा करायचा, येतात साधारण २.१२, त्यानं ३० ला भागलं की १४ लिटर. आतून २० बाय २४ बाय ३० सेंटिमीटर धरलं तर १४.४ लिटर होतात, मॅग्नेट आणि पट्ट्या अर्धा लिटर खातात, जमलं. बास ७० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबलनं खाली येतो. अजून खाली जायचं असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून पोर्टवालं खोकं करतात, पण त्याचं ट्यूनिंग चुकलं तर प्रत्येक गाण्यात एकच ढूम ढूम, म्हणून पहिली जोडी बंद खोक्याचीच करावी असं माझं मत. विनआयएसडीसारखं फुकटचं सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, तरी एकदा हातानं करावं.

अशी दोन खोकी आठ बाय चारच्या शीटच्या एक तृतीयांशात बसतात. कटिंग प्लायवाल्याच्या मशीनवर करून घ्यावं, हातकरवतीनं काटकोन येत नाही. वूफरचं गोल भोक राउटरनं (लाकूड कोरायच्या मशीननं). मिस्त्रीला नीट समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो विचारतो, "ओ साहेब, ह्याला दार कुठनं ठेवायचं?" त्याचा आयुष्याचा अनुभव कपाटांचा, त्यात फट राहिली तर काही बिघडत नाही, इथं बिघडतं. सगळे सांधे आतून फेविकॉलनं भरायचे, वूफरखाली फोमची पट्टी लावायची, मग वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) चार बोटांनी समान, हळूच आत दाबून सोडायचा, तो सावकाश परत आला तर खोकं बंद आहे, फटकन आला तर कुठंतरी हवा निसटतेय.

क्रॉसओव्हरचं काम जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणं. ८ ओहमचे वूफर-ट्वीटर आणि ३००० हर्ट्झवर वाटणी धरली तर पुस्तकी हिशोबानं ट्वीटरला ६.६ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर येतो (बाजारात ६.८ मिळतो) आणि वूफरला ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल. पण इथंच बहुतेक जण फसतात, कारण ८ ओहमचा वूफर ३००० हर्ट्झला ८ ओहमचा राहिलेला नसतो, आणि ट्वीटर वूफरपेक्षा मोठ्यानं वाजतो म्हणून त्याला रेझिस्टन्स लावून खाली आणावं लागतं. शिवाय पुढची फळी २३-२४ सेंटिमीटर रुंद असली की साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज फळीला वळसा घालून मागं पसरायला लागतो आणि पुढं कमी पडतो, थिअरीत ६ डेसिबल, पण मागची भिंत थोडी मदत करते म्हणून ३-४ ची भरपाई पुरते. तयार क्रॉसओव्हरच्या प्लेटा मिळतात पण त्यांना तुमचा वूफर कुठला आणि फळी केवढी हे माहीतच नसतं. महागडा ड्रायव्हर आणि असली प्लेट यापेक्षा साधा ड्रायव्हर आणि मोजून केलेला क्रॉसओव्हर केव्हाही बरा. मोजायला यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर, रात्री रस्ता शांत झाल्यावर गच्चीवर मोजलं तर भिंतींचा त्रास कमी. कंडेन्सर नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) किंवा फिल्मचाच घ्यायचा.

वायरची उलटसुलट बघायला पेन्सिल सेल पुरतो, प्लसला प्लस लावलं की वूफर पुढं येतो. एका स्पीकरची वायर उलटी राहिली तर बास दोघांच्या भांडणात गायब होतो आणि माणूस उगाच खोक्याला दोष देत बसतो.

तपासायला तंबोऱ्यासारखं दुसरं काही नाही. काळी एक पट्टीतला खर्ज (सगळ्यात खालचा सा) ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे वरच्या खोक्याच्या बरोबर उंबरठ्यावर, तरी तो ऐकू येतो कारण घोडीवरच्या जवारीमुळे (तिच्या बाकावर तार घासून येणाऱ्या झणझणीमुळे) तंबोऱ्याचा जीव मूळ सुरापेक्षा वरच्या स्वरांच्या झुंडीत जास्त असतो. ही झुंड वूफर आणि ट्वीटर मिळून वाजवतात, त्यामुळे दोघांचं जमलेलं नसेल तर जवारी एकतर पत्र्यासारखी खरखरते नाहीतर मुकी होते. हार्मोनियममध्ये हे इतकं उघडं पडत नाही.

शेवटी खोली. दहा बाय दहाची खोली सगळ्यात वाईट, कारण दोन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या जवळपास एकच घुमारा येऊन बसतो, त्यात भर टाइल्स आणि स्लॅबची. जाड सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट बारीक आवाजाचा चकचकाट कमी करतं, बासला मात्र त्यानं काही होत नाही, त्यासाठी जागाच बदलायला लागते. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून भिंतीपासून दीड-दोन फूट ठेवावेत, ट्वीटर कानाच्या उंचीवर, आणि ऐकायची खुर्चीसुद्धा मागच्या भिंतीला चिकटवू नये.