पालकांचे वय आणि अपत्यप्राप्ती

आईवडिलांच्या वयाचा परिणाम गर्भ राहण्यावर, गरोदरपणावर आणि होणाऱ्या बाळावर होतो. मात्र दोघांच्या बाबतीत तो एकाच तऱ्हेने होत नाही. स्त्रीची बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. पुरुषाचे शुक्राणू वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत नव्याने बनत राहतात. पुढच्या बऱ्याचशा गोष्टी या फरकातून येतात.

मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा असताना त्याच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत ३ ते ४ लाख. त्यांतली जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची जिरून जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या किंवा मधे दोन बाळंतपणे झाली, तरी ही गळती थांबत नाही.

संख्येपेक्षा दर्जाचा प्रश्न मोठा आहे. प्रत्येक बीज गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यावर थबकलेले असते आणि बाहेर पडण्याच्या सुमारास पुढे सरकते. चाळिशीत सुटणारे बीज चार दशके तसेच पडून असते. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी कोहेसिन ही प्रथिने तोवर झिजतात आणि विभाजनाच्या वेळी एखादे गुणसूत्र भलत्याच बाजूला जाते. असा गर्भ बहुधा रुजत नाही, रुजला तर पहिल्या तीन महिन्यांत पडतो. पंचविशीत साधारण दहातल्या एका गरोदरपणाचा शेवट गर्भपातात होतो. पंचेचाळिशीनंतर सुमारे निम्मी गरोदरपणे अशी संपतात.

२१व्या गुणसूत्राची जादा प्रत आली तर गर्भ टिकू शकतो. हाच डाउन सिंड्रोम. आईचे वय ३५ असताना त्याची शक्यता सुमारे ३५० बाळांत एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ३० त एक असते. याला कारण वडिलांचे नव्हे, आईचे वय आहे, हे ब्रिटिश वैद्यक संशोधक लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच आकडेवारीने दाखवले होते. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये जाहीर झाला.

पस्तिशीची रेघ मात्र वाजवीपेक्षा जास्त ठळक झाली आहे. गर्भजल तपासताना गर्भ दगावण्याचा धोका आणि गुणसूत्रदोष सापडण्याची शक्यता त्या वयाच्या आसपास सारखी होते, या हिशेबाने ती रूढ झाली. शरीरात त्या वाढदिवशी काहीही तुटत नाही. उतार तिशीच्या सुरुवातीपासून असतो, सदतीस-अडतीसनंतर तो तीव्र होतो.

गर्भाशय तुलनेने उशिरा थकते. तरुण दात्रीचे बीज वापरले, तर चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीलाही गर्भ राहण्याची शक्यता मुख्यतः दात्रीच्या वयावर ठरते. पुढचे नऊ महिने मात्र तिच्या स्वतःच्या शरीरालाच काढायचे असतात: गरोदरपणातला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, खाली सरकलेली वार, सिझेरियन आणि पोटातच बाळ दगावणे, हे सारे वयाबरोबर वाढते. तिशीच्या उत्तरार्धात जुळी होण्याचे प्रमाणही नैसर्गिकरीत्या वाढते. दुसऱ्या टोकाला, किशोरवयीन मातांमध्ये रक्तक्षय, गरोदरपणात येणारे आकडीचे झटके, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे अधिक आढळतात.

पुरुषाच्या वयाकडे फार काळ दुर्लक्ष झाले. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी वर्षाला सुमारे २३ वेळा विभागतात, आणि पोथीवरून पोथी उतरवताना अक्षरे चुकत जावीत तसे जनुकांत बदल साचतात. आइसलँडमधील कुटुंबांच्या जनुकीय अभ्यासात (२०१२) वडिलांच्या वयातील प्रत्येक वर्षामागे मुलात सुमारे दोन नवी उत्परिवर्तने वाढलेली आढळली. त्यांतली बहुतेक निरुपद्रवी असतात. हाडांची वाढ खुंटवणारी अकाँड्रोप्लेजिया, कवटीची हाडे वेळेआधी जुळणारा एपर्ट सिंड्रोम यांसारखे दुर्मीळ विकार वयस्क पित्यांच्या मुलांत अधिक दिसतात. ऑटिझम आणि स्किझोफ्रेनियाशीही संबंध आढळला आहे. पण वाढ थोडी आहे आणि तिचे कारण निव्वळ उत्परिवर्तने आहेत, असे म्हणता येत नाही.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर तपासणी करावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच. रक्तातील एएमएच या बीजांडकोशात बनणाऱ्या संप्रेरकाची पातळी बीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज देते, त्यांच्या दर्जाचा नाही. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार कळतो. वयाबरोबर साचलेली उत्परिवर्तने तिच्यात दिसत नाहीत.