जिभेखालची गोळी (हृदयशूलावरील नायट्रेट औषधे)

हृदयशूल उठला की जिभेखाली धरायची गोळी. औषधाचे नाव आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, पण साताऱ्यात बहुतेकांच्या तोंडी ‘सॉर्बिट्रेट’च. नायट्रोग्लिसरीन आणि रोज गिळायचे आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ही याच कुळातली.

हृदयाच्या स्नायूला कामाच्या मानाने रक्त अपुरे पडले की हृदयशूल होतो. साताऱ्यासारख्या गावात तो चढावर कळतो: अजिंक्यताऱ्याची वाट, सज्जनगडाच्या पायऱ्या, त्यातही भरल्या पोटी किंवा थंडीच्या सकाळी. छातीवर पाटा ठेवल्यासारखे दडपण येते, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरते आणि थांबले की काही मिनिटांत ओसरते. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चावत बसणारे याच टप्प्यावर वेळ घालवतात.

शरीरात नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात. विशेषतः शिरा रुंदावतात, रक्त पायांत व पोटात थोपते, हृदयाकडे कमी परतते आणि त्याचे काम हलके होते. हृदयधमन्याही रुंदावतात, पण आराम मुख्यतः ओझे उतरल्याचा. गोळी गिळली तर बरेचसे औषध यकृतातच निकामी होते, म्हणून ती जिभेखाली; तेथून काही मिनिटांत गुण येतो.

नायट्रोग्लिसरीन १८४७ मध्ये इटलीच्या आस्कानियो सोब्रेरो यांनी तयार केले. नुसते जिभेला लावताच डोके ठणकते हेही त्यांनीच नोंदवले. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते हृदयशूलावर वापरले. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटकही; त्यापासूनच केलेल्या डायनामाइटमुळे श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात डॉक्टरांनी तेच औषध सांगावे, हा योग विलक्षणच. स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांचे डोके सोमवारी दुखे, आठवडाभरात थांबे आणि रविवारच्या सुटीनंतर पुन्हा सुरू होई.

या सोमवारच्या डोकेदुखीतच औषधाची मेख आहे. नायट्रेट सतत अंगात राहिले की शरीर त्याला सरावते आणि गुण जातो. म्हणून रोजच्या गोळ्या साधारण सकाळी व दुपारी देतात आणि रात्रीचे दहा-बारा तास मोकळे सोडतात. ‘रात्रीची गोळी डॉक्टर लिहायला विसरले’ असे समजून ती आपल्या मनाने वाढवणारे रुग्ण औषध बोथट करून घेतात. सुरुवातीची डोकेदुखी मात्र बहुधा हळूहळू कमी होते. तेवढ्यावरून औषध सोडू नये.

खरा धोका रक्तदाब घसरण्याचा. उभ्याने गोळी घेतली तर भोवळ येऊन पडण्याची भीती, म्हणून आधी बसावे. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील औषधांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट घ्यायचे नाही. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. लाजेपायी हे डॉक्टरांपासून लपवले जाते, हे दुर्दैव. आधीच कमी असलेला रक्तदाब, महाधमनीची झडप खूप अरुंद असणे, हृदयाच्या उजव्या भागाचा झटका, यांतही ही गोळी घात करू शकते. सबब कुणाच्या छातीत कळ आली म्हणून शेजाऱ्याने आपल्या डबीतली गोळी त्याच्या तोंडात घालणे हा मदतीचा हात नव्हे.

ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्याने एक गोळी घ्यावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही, किंवा कळ वाढली, तर १०८ ला फोन करावा. दुसऱ्या बाजूने, गोळीने आराम पडला म्हणून दुखणे हृदयाचेच होते असेही ठरत नाही; अन्ननलिकेच्या आकडीलाही तिने आराम पडतो. आणि ती आयुष्य वाढवत नाही. झटक्याचा संशय असलेल्या ५८ हजारांवर रुग्णांच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-४ चाचणीत मोनोनायट्रेटने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. गोळी कळ शमवते; चोंदलेली धमनी तशीच राहते.

नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच, घट्ट झाकण लावून ठेवतात, कारण औषध उडून जाते आणि प्लास्टिकही ते शोषते. उन्हात उभ्या गाडीत किंवा अंगाला चिकटलेल्या खिशात त्या लवकर निकामी होतात.