होस्टा थंडीत झोपतो, कॅलेडियम कोरड्यात

सावलीत चमकणारी होस्टाची रुंद पानं पाहून कुणालाही मोह पडावा. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या परसात तो टिकत नाही. पहिल्या वर्षी फुटतो, पुढच्या वर्षी पानं लहान होतात आणि मग गड्डाच विरतो. यात खतपाण्याचा दोष नाही. होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. ५ अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे मिळाल्याशिवाय त्याच्या डोळ्यांची, म्हणजे गड्ड्यावरच्या कोंब फुटायच्या जागांची, झोप पुरी होत नाही. आपल्याकडे जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा १३-१४ अंशांखाली फारसा जात नाही.

त्याऐवजी कॅलेडियम, म्हणजे रंगीत अळू लावा. हा दक्षिण अमेरिकेतला. तिथेही पाऊस आणि कोरडा हंगाम आलटून पालटून येतात, म्हणून याला झोपायला थंडी नको, कोरडी माती हवी. आपलं हवामान त्याला आयतंच जुळतं.

लागवडीला रोहिणी नक्षत्र गाठावं. वळवाने माती भिजलेली असते आणि उबदारही असते. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडसर वाळू असं मिश्रण करा. चिकोडी-अथणीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, तिथे वाळू दुप्पट घ्या. कंद ४-५ सेंटीमीटर खोल आणि वीतभर अंतरावर लावा, डोळे वर ठेवून. तीन ते पाच आठवड्यांत कोंब दिसतो. तोवर माती नुसती ओलसर ठेवा. मुळं फुटण्याआधी पाणी साचलं की कंद सडतो, आणि बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. पागोळ्यांखाली तर कधीच लावू नका.

एकाची अनेक रोपं करायची तर कंद नीट न्याहाळा. मधोमध एक जाड, टोकदार डोळा असतो आणि भोवती बारीक उंचवटे. मधला डोळा ऑक्झिन हे संप्रेरक सोडून बाजूच्यांना दाबून ठेवतो. चाकूच्या टोकाने तेवढाच कोरून काढला की बाजूचे सगळे जागे होतात. पानं थोडी लहान येतात, पण झुडूप दाट होतं. कंद कापायचाच असेल तर प्रत्येक तुकड्यावर निदान एक-दोन डोळे राहू द्या, कापलेल्या बाजूला राख किंवा कॅप्टान या बुरशीनाशकाची भुकटी लावा आणि दोन दिवस सावलीत सुकवून मगच लावा. ओली जखम मातीत गेली की बुरशी धरलीच. हातमोजे घाला, अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हात खाजतात. खाण्याच्या अळूजवळ हा लावू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. पानांच्या कडा करपतात. युरिया जास्त झाला तर लाल-गुलाबी पानांत हिरवा रंग चढतो. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येतात, बॅटरी घेऊन वेचणं हाच खरा उपाय.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून लोळू लागतात. झाड मेलं समजून पाणी वाढवू नका, उलट बंद करा. पानं वाळली की कंद उकरून माती झाडा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि कोरड्या भुशात, घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको. मे महिन्यात प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघा: टणक लागला तर लावा, मऊ पडला किंवा आतून भुगा झाला असेल तर टाकून द्या.