एफडीवरचं कार्ड की एफडीवरचं कर्ज? सिबिल सुधारताना होणारी गल्लत

‘एफडी आहे, तिच्यावर काहीतरी द्या, सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर) सुधारायचाय’ असं बँकेच्या शाखेत जाऊन सांगितलं, तर दोन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलाही फॉर्म तुमच्यापुढे येऊ शकतो. एक एफडीवरच्या क्रेडिट कार्डाचा, दुसरा ठेवतारण कर्जाचा. दोन्हीत एफडी मोडावी लागत नाही, फक्त तिच्यावर लीन लागतो, म्हणजे बँकेचा हक्क नोंदला जातो आणि तोवर ती मोडता येत नाही. पगाराची स्लिप सहसा कोणी मागत नाही. स्कोअर साडेपाचशेइतका खाली आलेला असला तरी अर्ज बहुधा अडत नाही, कारण पैसे थकले तर बँक ते एफडीतून वळते करून घेते. साम्य इथेच संपतं.

कर्ज मिळतं ते एफडीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत, एफडीच्या व्याजदरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने. समजा ५०,०००ची एफडी साडेसहा टक्क्यांनी आहे आणि तिच्यावर ४५,००० साडेसात टक्क्यांनी उचलले. वर्षाला व्याज भरायचं ३,३७५ रुपये, एफडीवर मिळणार ३,२५०. निव्वळ खर्च सव्वाशे रुपये. पैशांची नड असेल तर याहून स्वस्त कर्ज शोधून सापडणार नाही.

पण स्कोअरच्या दृष्टीने पाहिलं तर हे कर्ज बरंचसं मुकं असतं. बहुतेक शाखा ते ओव्हरड्राफ्ट (लागेल तसे पैसे उचलायची मर्यादा) किंवा डिमांड लोन (बँक मागेल तेव्हा फेडायचं कर्ज) म्हणून देतात. त्यात महिन्याचा ठरलेला हप्ताच नसतो. व्याज खात्यात चढत राहतं, आणि एफडीची मुदत संपली की त्यातूनच कर्ज चुकतं. हा माणूस दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे भरतो, हे ब्यूरोला, म्हणजे सिबिलसारख्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, दिसायचं असतं. ते दाखवायची संधीच या खात्यात फारशी येत नाही. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘हे ओव्हरड्राफ्ट आहे की ईएमआयचं?’ काही बँका ईएमआयवरही देतात, आणि स्कोअरसाठी घ्यायचंच असेल तर तेच घ्या.

पतसंस्थेतल्या ठेवीवर कर्ज काढून सिबिल सुधारू, असा बेत बरेच जण आखतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. तिथे वर्षभर हप्ते चोख फेडलेत तरी ब्यूरोच्या रिपोर्टमध्ये त्याची ओळसुद्धा न उमटण्याचीच शक्यता जास्त. सहकारी बँकेचं तसं नसतं, तिला ब्यूरोंचं सदस्यत्व घ्यावंच लागतं.

आता कार्ड. एफडीच्या ७५ ते ९० टक्के, काही ठिकाणी पूर्ण १०० टक्के लिमिट मिळतं. दर महिन्याला बिल, बिलाला तारीख, आणि त्या तारखेचा हिशेब रिपोर्टमध्ये. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात. वेळेवर भरलेल्या महिन्यात ‘०००’ किंवा ‘एसटीडी’, उशीर झाला तर थेट दिवसांचा आकडा: ०३०, ०६०. कार्डाने दर महिन्याला एक स्वच्छ चौकोन मिळतो, आणि बिल पूर्ण भरलं तर व्याजाचा एक रुपयाही लागत नाही. नड नसेल तर कार्डच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लिमिट ४५,००० असेल तर महिन्याला १३,५००च्या आत राहा, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत. वीजबिल, किराणा, मोबाइल रिचार्ज एवढं त्यावर टाकलं तरी पुरे. एखाद्या महिन्यात मोठी खरेदी झालीच, तर बिल तयार व्हायची वाट न बघता दोन-चार दिवस आधीच थोडे पैसे भरून टाका, म्हणजे ब्यूरोकडे जाणारी बाकी फुगलेली दिसत नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते ऑटो-पेमध्ये, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरायच्या सोयीत. तिथे ‘मिनिमम ड्यू’ (किमान भरायची रक्कम) आणि ‘टोटल ड्यू’ (पूर्ण बिल) असे दोन पर्याय असतात, आणि हात पहिल्याकडे जातो. १२,०००च्या बिलावर पाच टक्के, म्हणजे ६०० भरले की चौकोन स्वच्छ राहतो, पण उरलेल्या ११,४०० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला जवळपास ४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय बाकी आहे तोवर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. जी एफडी साडेसहा टक्के देते, तिच्याच आडोशाला बसून ४२ टक्के भरायचे!

उशिराचा नियमही नीट समजून घ्या. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच कार्ड कंपनी ते थकीत म्हणून कळवू शकते किंवा दंड लावू शकते. मात्र चौथ्या दिवशी मोजणी सुरू होते ती मूळ देय तारखेपासूनच.

दोन्हींत एक गैरसमज सारखाच असतो: ‘एफडी आहे ना बँकेकडे, एखादा महिना चुकला तर काय बिघडलं?’ एफडीने बँकेचे पैसे सुरक्षित होतात, तुमचा रिपोर्ट नाही. बँक एफडीला हात लावते तोवर रिपोर्टमध्ये ०३०, ०६० बसलेले असतात, आणि एफडीतून वसुली झाली म्हणून ते पुसले जात नाहीत.

एफडीही कुठलीही चालत नाही. ८०सीची करबचतवाली पाच वर्षांची एफडी तारण ठेवताच येत नाही. त्यामुळे नवी एफडी करत असाल तर साधी करा आणि ऑटो-रिन्युअल चालू ठेवा, नाहीतर मुदत संपताना कार्डही बंद व्हायचं. स्कोअर वर आला म्हणून लगेच कार्ड परत करू नका. सगळ्यात जुनं स्वच्छ खातं तेच असेल, तर ते चालू राहिलेलं बरं.

जुनं खातं ‘सेटल्ड’ (तडजोडीत कमी पैसे घेऊन मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) दाखवत असेल तर नवं कार्ड त्याला झाकत नाही. बँकेने सोडून दिलेली रक्कम भरा, नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला घ्या आणि बँकेकडून ब्यूरोत दुरुस्ती करून घ्या. हे काम आधी, कार्ड नंतर.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला ब्यूरोंना माहिती द्यावी लागते. त्यामुळे कार्ड सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी रिपोर्ट काढून खातं आलंय का ते बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला प्रत्येकी एक रिपोर्ट फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांनी एकेकाचा काढला की वर्षभर लक्ष राहतं, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. खातं आलंच नसेल किंवा चौकोनात चुकीचा आकडा असेल तर ब्यूरोच्या साइटवरच तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी.