गीझर लावला की घरभर अंधार

जानेवारीतली सकाळ, मुलुंडचा आमचा फ्लॅट. आईने गीझरचं बटण दाबलं आणि पंखा, फ्रिज, वायफाय सगळं एका झटक्यात गप्प. पाहिलं तर आरसीसीबीचा, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचा, खटका खाली. वर केला, गीझर लावला, पुन्हा खाली. इलेक्ट्रिशियनने बाथरूमच्या दारातूनच निकाल दिला, "काका, कॉइल गेली. दहा वर्षं झाली ना? आता नवाच गीझर घ्या."

निम्मं निदान बरोबर होतं. पण कॉइल 'जाते' ती दोन तऱ्हांनी. आतली तार तुटली तर वीज वाहतच नाही. पाणी गार राहतं, खटका मात्र पडत नाही. आमच्याकडे खटका पडत होता. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा मेळ घालत बसलेला असतो. घरातल्या आरसीसीबीला साधारण 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की तो वीज तोडतो. म्हणजे आमची तार शाबूत होती, वीज मधेच कुठेतरी गळत होती.

मेन बंद केला, झाकण उघडलं, कॉइलच्या वायरी सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला. 2000 वॅटच्या कॉइलचा रोध 230 व्होल्टला सुमारे 26 ओहम यायला हवा, तेवढाच आला. मग एक टोक टर्मिनलला आणि दुसरं कॉइलच्या धातूच्या नळीला. इथे निरोगी कॉइल लाखो ओहम दाखवते. आमची साडेचार हजारांवर अडकली. ढोबळ हिशेबाने 230 व्होल्टला ही गळती 50 मिलिअँपिअरची. सापडला चोर!

ज्याला आपण कॉइल म्हणतो ती खरं तर नळी असते. आत नायक्रोमची तार, म्हणजे साधारण 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने 1906 मध्ये याचं पेटंट घेतलं. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता झटकन पुढे देते आणि वीज अडवते. असे दोन्ही गुण एकत्र असणारे पदार्थ मोजकेच. पण पुडीला ओल सोसत नाही. नळीला केसाएवढी भेग पडली तरी पूड पाणी पिते आणि वीज वाहू देते.

भेग का पडली ते टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढल्यावर कळलं. नळीवर फरशीसारखा क्षाराचा थर. तानसा, भातसा, वैतरणा या धरणांचं पाणी तसं मऊ. पण आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतात आणि ते पाणी बोअरचं. तापवलं की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं आणि न विरघळणारं कार्बोनेट नळीवर बसतं. त्या गोधडीखाली उष्णता कोंडते, नळी गरजेपेक्षा तापते, तडकते.

सोबत मॅग्नेशियमची कांडी असते, तिची निव्वळ तार उरली होती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "हीपण सडली." सडण्यासाठीच तर ती बसवलेली! पोलादापेक्षा मॅग्नेशियम आधी गंजतं, म्हणून टाकी वाचते. 1824 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे नि लोखंडाचे तुकडे लावून हीच युक्ती केली होती. तांबं वाचलं, पण विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शंख-शिंपले चिकटले आणि जहाजं मंदावली. आमच्या टाकीला तो धोका नाही.

टाकी कुठेच गळत नव्हती, म्हणून नवा गीझर नको म्हटलं. त्याच वॅटची, त्याच आकाराच्या फ्लँजची (टाकीला बोल्टने बसणाऱ्या चकतीची) कॉइल, नवी कांडी आणि नवं रबरी गास्केट. जुनं गास्केट पुन्हा लावलं की हमखास गळतं. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. काम इलेक्ट्रिशियननेच केलं, अर्थिंगही तपासून घेतलं. मी फक्त मधे मधे बोलत होतो.

बटण दाबायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आधी फुसफुस हवा, मग तुटक, मग अखंड धार. टाकी रिकामी असताना चालू केली तर नवी कॉइलही मिनिटांत जळते.

15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॅटला सुमारे 18 मिनिटं लागतात. गीझरचा दिवा विसाव्या मिनिटाला विझला. टाकीचा पत्राही तापायला हवा ना.